काढून ठेवायची चकती

‘एक्स्टर्नलला टाकून ठेव.’ लग्नाचे फोटो असोत, सोसायटीचे हिशेब असोत की पीएचडीचा प्रबंध, घराघरांत हे वाक्य आता सहज बोललं जातं. एक्स्टर्नल म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. खिशात मावणारी काळी डबी, तिची वीतभर वायर आणि आत फिरणारी अडीच इंची चकती. या डबीचं कुळ शोधत मागे गेलो तेव्हा मला सर्वांत नवल याचं वाटलं, की तिच्या मूळपुरुषाला बॅकअपशी काही देणंघेणं नव्हतं. तो जन्मला काटकसरीतून.

आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली पहिली हार्ड डिस्क तयार झाली. सप्टेंबर 1956 मध्ये ती रामॅक 305 या संगणकाबरोबर बाहेर आली. 24 इंच व्यासाच्या 50 चकत्या एका उभ्या दांड्यावर ओवलेल्या. क्षमता 50 लाख अक्षरांची, वजन टनाच्या घरात. सगळ्या संगणकाचं भाडं महिन्याला 3,200 डॉलर. या चकत्या कपाटात कायमच्या बसवलेल्या होत्या. जागा भरली की जुनं पुसा, नाहीतर आणखी एक कपाट भाड्याने घ्या.

ही अडचण सुटली 11 ऑक्टोबर 1962 रोजी, आयबीएम 1311 जाहीर झालं तेव्हा. कपडे धुण्याच्या यंत्राएवढी पेटी, वर उघडणारं झाकण आणि आत बसणारा 14 इंची सहा चकत्यांचा गठ्ठा. याला म्हणत डिस्क पॅक. वजन सुमारे साडेचार किलो, मावायची 20 लाख अक्षरं. पॅकवर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण असे, केकच्या डब्यावर असतं तसं, आणि त्याला वर मूठ. खालचं ताट काढायचं, पॅक दांड्यावर ठेवायचा, मूठ फिरवून घट्ट करायची. मग झाकण मोकळं होऊन हातात येई. काढताना हीच कृती उलट. यंत्रात महाग होती ती मोटर, वाचणारी हेड्स आणि त्यांना हलवणारी यंत्रणा. त्या मानाने चकत्या स्वस्त. शेगडी एक, पातेली अनेक, असा हा हिशेब. सकाळी पगाराचा पॅक चढवायचा, दुपारी तो उतरवून गोदामाच्या मालाचा.

एकदा चकती काढता येऊ लागली, की ती काढून दुसरीकडे ठेवताही येते. माझ्या लेखी या सगळ्या कुळकथेचा गाभा हाच आहे. मोठ्या संगणककेंद्रांत नक्कल बहुधा टेपवरच जायची, कारण टेप स्वस्त होती. पण जिथे शेजारी शेजारी दोन ड्राइव्ह होते, तिथे रात्री एका पॅकवरून दुसऱ्या पॅकवर आख्खी नक्कल उतरवायची आणि तो दुसरा पॅक वेगळ्या खोलीत ठेवायचा, ही रीत पडली.

या रीतीत एक मोठा धोका होता आणि त्याची हकीकत जरा थांबून सांगायला हवी. चकत्या मिनिटाला 1,500 फेरे घेत आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या हवेच्या थरावर हेड तरंगे, चकतीपासून जेमतेम काही मायक्रॉन वर. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे त्या फटीत केससुद्धा शिरणार नाही. धुळीचा कण, सिगारेटच्या धुराचा थर, बोटाचा ठसा, यांतलं काहीही हेडला खाली आपटायला पुरे होई. हेड आपटलं की चकतीवरचा लोहाच्या ऑक्साइडचा तपकिरी लेप खरवडून निघे आणि त्याचा भुगा हेडला चिकटे.

आता ऑपरेटरच्या जागी उभं राहून पाहा. पॅक वाचला जात नाही. पॅक बिघडला की ड्राइव्ह, हे कळत नाही. साहजिकच तो पॅक उचलून शेजारच्या चांगल्या ड्राइव्हवर चढवला जाई. खरवडलेली चकती त्याही ड्राइव्हची हेड्स बिघडवी. तिथेही वाचला गेला नाही, म्हणून कपाटातून बॅकअपचा पॅक येई आणि मघाच्याच बिघडलेल्या ड्राइव्हवर चढे. घाण लागलेली हेड्स त्याचाही लेप ओरबाडून काढत. दोन ड्राइव्ह गेले, मूळ प्रत गेली, नक्कलही गेली, आणि हे सगळं प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाच्या हातून. जुन्या संगणककेंद्रांत असे प्रसंग घडत. त्यातूनच शिकवण रूढ झाली, की बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय बॅकअपच्या पॅकला हात लावायचा नाही. आजही घरातली हार्ड डिस्क गेली की लोक घाबरून पहिली गोष्ट करतात ती म्हणजे एकुलता एक बॅकअप त्याच आजारी संगणकाला जोडणं. ते पाहिलं की मला त्या ऑपरेटरची आठवण येते.

यावर उपाय निघाला 1973 मध्ये, आयबीएम 3340 च्या रूपाने. केनेथ हॉटन यांच्या गटाने हेड्स आणि चकत्या एकाच बंद डब्यात घातल्या. हेड आपल्याच चकतीबरोबर राहणार, परक्या चकतीला शिवणार नाही आणि आत धूळ शिरणार नाही. मूळ बेत 30-30 मेगाबाइटच्या दोन भागांचा होता, म्हणून हॉटन यांनी 30-30 काडतुसाच्या प्रसिद्ध बंदुकीवरून याला विंचेस्टर म्हटलं. आपल्याकडच्या संगणकाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘विंचेस्टर डिस्क’ हा शब्द येई तो इथून. प्रत्यक्षात डबे आले 35 आणि 70 मेगाबाइटचे. आणि हा अख्खा डबा, हेड्ससकट, ड्राइव्हमधून काढून नेता येत असे. आपल्या खिशातल्या एक्स्टर्नलचा खरा आजोबा मी यालाच मानतो. चकतीबरोबर तिचं हेडही प्रवासाला निघालं ते इथे पहिल्यांदा.

पण वंश सरळ चालला नाही. बंद डबा इतका भरवशाचा निघाला, की तो काढायची गरजच काय, असं वाटू लागलं आणि पुढची यंत्रं पुन्हा कायमची बसवलेली आली. 1980 मध्ये सीगेटने सव्वापाच इंची एसटी-506 काढली, क्षमता 5 मेगाबाइट. मार्च 1983 मध्ये आयबीएमच्या पीसी-एक्सटी या टेबलावरच्या संगणकात 10 मेगाबाइटची डिस्क बसली. ती स्क्रूने आवळलेली, काढायची सोय नाही. त्याच वर्षी डॉस 2.0 मध्ये ‘बॅकअप’ आणि ‘रिस्टोअर’ या आज्ञा आल्या. बॅकअप घ्यायचा कशावर? फ्लॉपीवर. 360 किलोबाइटच्या फ्लॉप्या, म्हणजे भरलेल्या डिस्कला 29 लागत. पडदा एकेक फ्लॉपी क्रमाने मागे आणि माणूस बसून ती बदले. सतरावी खराब निघाली, की पुढच्या बारा तशाच हातात राहत. लोक बॅकअप घेत नसत याचं कारण आळस असं म्हटलं जातं. मला ते पटत नाही. त्यांच्या हातातलं साधनच अपुरं होतं.

ही पोकळी दोन घराण्यांनी भरली. अमेरिकेतल्या युटा राज्यात 1980 मध्ये सुरू झालेल्या आयोमेगाने बर्नुली बॉक्स काढला. डॅनियल बर्नुली यांनी 1738 मध्ये वाहत्या द्रवांच्या दाबाविषयी जो नियम मांडला, त्याचं नाव. यातली चकती फ्लॉपीसारखी लवचीक. जोरात फिरली की हवेच्या दाबातल्या फरकामुळे ती हेडकडे ओढली जाई. धक्का बसला किंवा वीज गेली की आपोआप हेडपासून दूर ढळे. म्हणजे बिघाड होताना चकती हेडवर आदळण्याऐवजी लांब जाई. ही कल्पना मला फार सुंदर वाटते.

दुसरं घराणं सायक्वेस्टचं. 1979 मध्ये सीगेट स्थापन करणाऱ्यांपैकी एक असलेले सय्यद इफ्तिकार यांनी 1982 मध्ये ही कंपनी काढली. नावातलं ‘साय’ त्यांच्याच नावातलं. यांनी कडक चकती प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये घातली. 44 मेगाबाइटचं ते कार्ट्रिज मॅकिंटॉश वापरणाऱ्या छपाईवाल्यांच्या जगात जणू चलनी नाणं झालं. मग 1995 मध्ये आयोमेगाचा झिप ड्राइव्ह बाजारात आला. निळ्या रंगाचा, प्रिंटरच्या पोर्टला जोडायचा. डिस्क 100 मेगाबाइटची, म्हणजे सुमारे 70 फ्लॉप्यांइतकी. ड्राइव्ह 200 डॉलरांच्या आसपास, डिस्क 20 च्या.

झिप मी पहिल्यांदा पाहिला तो पुण्यात नारायण पेठेतल्या एका डीटीपीच्या ऑफिसात. मी तिथे दिवाळी अंकांची पानं लावत असे. पेजमेकरमधला मजकूर हलका असतो, तो फ्लॉपीवर मावे. मुखपृष्ठ मावत नसे. ए-फोर आकाराचं चार रंगांतलं चित्र 300 डीपीआयला सुमारे 35 मेगाबाइट होतं; फ्लॉपीच्या हिशेबात दोन डझन. पॉझिटिव्ह काढायला पाठवायचं तर झिपशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यासाठीच मालकांनी तो घेतला होता. पण रोज रात्री निघताना ते त्या दिवसापर्यंतचं सगळं काम झिप डिस्कवर घेत आणि ती शबनममध्ये टाकून घरी नेत. मी एकदा विचारलं, ‘इथेच ड्रॉवरमध्ये ठेवली तर?’ ते म्हणाले, ‘अहो, ड्रॉवर याच खोलीत आहे ना?’

1998 च्या ऑक्टोबरमध्ये, अंक छपाईला जायला तीन दिवस उरलेले असताना, एका सकाळी मुख्य संगणकाची हार्ड डिस्क गेली. 208 पानांचा अंक त्यात होता. मालक आले, शबनम खुंटीला लावली, डिस्क बाहेर काढली. पण लगेच घातली नाही. आधी शेजारच्या संगणकावर झिप ड्राइव्ह जोडला, एक कोरी डिस्क घालून ती नीट लिहिली-वाचली जाते का ते पाहिलं आणि मगच आमची डिस्क आत सारली. आदल्या रात्री मालक गेल्यावर मी थांबून अकरा पानं लावली होती, तेवढीच गेली. ती पुन्हा लावली. अंक वेळेवर निघाला.

ती कोरी डिस्क घालून पाहण्याची सवय किती मोलाची होती ते नंतर कळलं. त्याच सुमारास काही झिप ड्राइव्ह टक-टक असा आवाज करून बंद पडत. त्याला ‘क्लिक ऑफ डेथ’ असं नावच पडलं होतं आणि 1998 मध्ये अमेरिकेत डेलावेअर राज्यात ग्राहकांनी कंपनीवर सामूहिक दावा लावला. बिघडलेल्या हेडने चकतीची कड फाटे आणि ती फाटकी चकती दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली की त्याचंही हेड बिघडू शके. डिस्क पॅकच्या काळातला तोच संसर्ग तीस-पस्तीस वर्षांनी परतला होता. हेड एकीकडे आणि चकती दुसरीकडे, अशी फारकत असेतो तो टळणारा नव्हता.

तो मिटला तो 3340 च्या कल्पनेकडे परत गेल्यावर. सायक्वेस्टने 1998 मध्येच दिवाळखोरी जाहीर केली, सीडी स्वस्त झाली आणि इकडे लॅपटॉपसाठी बनलेली अडीच इंची डिस्क लहान, हलकी आणि धक्का सोसणारी होत गेली. थांबताना तिची हेड्स चकतीवरून उतरून बाजूच्या उतारावर जाऊन बसतात, त्यामुळे पिशवीतल्या धक्क्यांनी ती चकतीवर आपटत नाहीत. 2000 मध्ये यूएसबी 2.0 आलं, सेकंदाला 480 मेगाबिटचं. त्याआधीच्या यूएसबीचा वेग 12 होता. डिस्कला वीजही त्याच वायरमधून मिळू लागली. सुरुवातीला एका पोर्टची वीज पुरत नसे, म्हणून दोन तोंडांची वायर यायची. ती अजून अनेकांच्या खणात असेल. 2007 मध्ये ॲपलने मॅकमध्ये टाइम मशीन दिलं आणि डिस्क जोडली की नक्कल आपोआप होऊ लागली.

पण आपोआप होण्याच्या सोयीसाठी ती डबी लोक कायम जोडलेलीच ठेवू लागले. खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला की जोडलेल्या प्रत्येक डिस्कवरच्या फायली कुलूपबंद करतो. एक्स्टर्नलही त्यातून सुटत नाही. विजेचा झटका आला तर दोन्ही एकदम जातात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी छायाचित्रं सांभाळण्याविषयीच्या आपल्या पुस्तकात जो 3-2-1 नियम मांडला, तो म्हणूनच मला पटतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. काढता न येणारी प्रत ही माझ्या मते बॅकअप नव्हेच.

गेल्या वर्षी ते ऑफिस आवरायला काढलं, तेव्हा मालकांच्या मुलाने मला एक झिप डिस्क आणून दिली. लेबलवर मालकांच्या हस्ताक्षरात ‘दि. अं. 98’. मी जुन्या बाजारातून यूएसबीवर चालणारा झिप ड्राइव्ह मिळवला, आधी एक रिकामी डिस्क घालून पाहिली, मग ही घातली. फायली शाबूत होत्या. मजकूर उघडला तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता गिचमिडा. तो युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये होता आणि त्या काळी प्रत्येक फाँटवाल्याची अक्षरांची मांडणी वेगळी. त्या फाँटसाठीचा कन्व्हर्टर शोधण्यात दोन रविवार गेले. जोडाक्षरं काही ठिकाणी तुटली होती, रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसले होते. ते हाताने दुरुस्त केले. आता सगळी 208 पानं वाचता येतात, मी पुन्हा लावलेल्या अकरा पानांसकट. एक प्रत माझ्याकडच्या एक्स्टर्नलवर आहे, एक डीव्हीडीवर, आणि तिसरी गेल्या आठवड्यात बहिणीकडे नाशिकला पोचली. तिने ती कपाटात, दागिन्यांच्या खणात ठेवली आहे.