मालवण सागरी अभयारण्य
सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सुमारे २९ चौ. किमी.चे संरक्षित सागरी क्षेत्र, घोषणा १९८७. सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या आसपासचा ३ चौ. किमी.हून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्रात येतो. तळ कुठे वाळूचा, कुठे चिखलाचा. खरे वैभव मात्र खडपांवर. तेथे सारगॅसम हे तपकिरी शेवाळ दाट माजते. हवा भरलेल्या बारीक फुग्यांमुळे ते पाण्यात उभे राहते आणि माशांच्या पिल्लांना आडोसा मिळतो. या खडपांवर प्रवाळही आहे. ते आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवालांच्या आधारे जगते, आणि त्या शैवालांना ऊन हवे. तरीही पावसाळ्याचे गढूळ पाणी सोसून येथील प्रवाळ टिकले, हे विलक्षणच. त्यांपैकी पोराइट्स हे गोलसर दगडी प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. होडीचा नांगर किंवा पर्यटकाचा पाय ती वाढ क्षणात मोडतो.