गुड फ्रायडेच्या प्रयोगातून गळालेला माणूस

१/ २० एप्रिल १९६२, गुड फ्रायडे. बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये येशूच्या बलिदानाची उपासना सुरू होती. खाली तळघरातील छोट्या प्रार्थनागृहात २० तरुण ध्वनिक्षेपकावरून तीच उपासना ऐकत होते. त्यांपैकी दहा जणांनी सायलोसायबिन घेतले होते. हा धागा त्या प्रयोगाचा, आणि त्याच्या अहवालातून गळालेल्या एका माणसाचा.

२/ सायलोसायबिन हे काही जातींच्या अळंब्यांत आढळणारे, जाणिवेत खोल बदल घडवणारे द्रव्य. मेक्सिकोतील माझातेक समाजात अशा अळंब्या रोगनिवारणाच्या विधींत वापरल्या जात. स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी १९५८ च्या सुमारास हे द्रव्य वेगळे केले आणि ते प्रयोगशाळांत पोहोचले.

३/ प्रयोगकर्ते वॉल्टर पान्के हे डॉक्टर आणि धर्मशास्त्राचे अभ्यासक. हार्वर्डमध्ये टिमोथी लिअरी यांच्या गटाच्या साहाय्याने ते पीएच.डी. करत होते. 'मी'पण विरघळणे, काळाचे भान हरपणे, अवघ्याशी एकरूप होणे, असा जो अनुभव संतांनी आणि ध्यानसाधकांनी वर्णिला, तो औषधाने येऊ शकतो का, हा त्यांचा प्रश्न.

४/ सहभागी होते धर्मशास्त्राचे विद्यार्थी. दहा जणांना ३० मिलिग्रॅम सायलोसायबिन, तर उरलेल्या दहांना निकोटिनिक आम्ल दिले गेले. त्याने त्वचा तापून लाल होते, त्यामुळे आपल्यालाच औषध मिळाले असा समज व्हावा, ही योजना. कोणाला काय दिले, हे सुरुवातीस कोणासच ठाऊक नव्हते. परंतु ते गुपित फार वेळ टिकले नाही.

५/ उपासना चालवणारे हॉवर्ड थर्मन हे नामवंत कृष्णवर्णीय धर्मोपदेशक. १९३६ मध्ये बारडोलीस येऊन ते गांधीजींना भेटले होते. त्यांच्या वाणीच्या साथीने सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांना गूढानुभव आला, दुसऱ्या गटात तो अभावानेच आढळला, असे पान्के यांनी प्रबंधात नोंदवले.

६/ पुढे वारे फिरले. १९६३ मध्ये लिअरी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड अल्पर्ट हार्वर्डमधून बाहेर पडले. १९६७ मध्ये अल्पर्ट भारतात आले आणि नीम करोली बाबांचे शिष्य होऊन 'राम दास' झाले. १९७० च्या अमेरिकी कायद्याने सायलोसायबिनवर कडक बंदी आली. १९७१ मध्ये पान्के समुद्रात पाणबुडी करताना मृत्यू पावले.

७/ सुमारे पंचवीस वर्षांनी रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांचा शोध घेतला. सायलोसायबिन गटातील जवळजवळ सर्वांनी तो दिवस आपल्या आध्यात्मिक आयुष्यात मोलाचा ठरल्याचे सांगितले. मात्र आपण वेडे होत आहोत किंवा मरत आहोत, अशी भीती त्या दिवशी काहींना ग्रासून गेली होती.

८/ आणि एक जण तर चॅपलबाहेर निघून गेला होता. ईश्वराने जगाला संदेश देण्यासाठी आपली निवड केली, अशी त्याची खात्री झाली होती. त्याला परत आणून शांत करणारे इंजेक्शन द्यावे लागले. पान्के यांच्या प्रबंधात या इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता! डॉब्लिन यांनी १९९१ मध्ये ही त्रुटी स्पष्ट शब्दांत मांडली.

९/ २००६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रोलंड ग्रिफिथ्स यांनी हाच प्रश्न अधिक काटेकोरपणे हाताळला. ते स्वतः ध्यान करणारे. त्यांना ध्यानाची गोडी लागली ती सिद्धयोगातून, ज्याचे मूळ आपल्या ठाणे जिल्ह्यातील गणेशपुरीत आहे. त्यांच्या ३६ स्वयंसेवकांपैकी अनेकांना तो अनुभव आयुष्यातील सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक वाटला. सुमारे एक तृतीयांश लोकांना तीव्र भीतीही वाटली, आणि ही गोष्ट शोधनिबंधातच नमूद होती.

१०/ पान्के यांची फसवण्याची इच्छा होती, असे म्हणण्यास आधार नाही. तरीही त्या एका वगळलेल्या नोंदीमुळे हा प्रयोग कित्येक वर्षे होता त्याहून निर्धोक भासत राहिला. आज नैराश्यावरील उपचारांसाठी या द्रव्याच्या चाचण्या पुन्हा होत आहेत. त्या वाचताना किती जण बरे झाले हे पाहावेच, पण त्याआधी दारातून बाहेर पळालेल्या माणसाची नोंद अहवालात कुठे आहे, हे शोधावे.