बारामतीचा दगड आणि समुद्रातलं बेट

उजनीचं पाणी फार आटलं की इंदापूर तालुक्यात जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं. बघायला जाणारे देवळाचं वय विचारतात. आज आपण इथल्या काळ्या दगडाचं वय विचारू. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं!

तेव्हा भीमा नव्हती, कऱ्हाही नव्हती. भारताचा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. जमिनीच्या भेगांमधून लाव्हा यायचा, पसरायचा, थंड व्हायचा. मग त्यावर पुढचा थर. आजही सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर हा बेसॉल्ट पसरलाय. बारामती आणि इंदापूर त्याच्यावरच बसलेत.

मग ती आग गेली कुठे? बहुतेक शास्त्रज्ञ म्हणतात, ती फारशी हललीच नाही, हललो आपण. शिलाई मशीनची सुई जागेवरच वर-खाली होते आणि कापड सरकतं, तसंच. भारत उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे टाके पडत गेले: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस. शेवटचा टाका म्हणजे रियुनियन. मादागास्करच्या पूर्वेला, आपल्यापासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त दूर असलेलं फ्रान्सचं छोटं बेट. तिथला 2,632 मीटर उंचीचा पितों द ला फुर्नेझ ज्वालामुखी आजही जागा आहे.

तुम्ही म्हणाल, याचा आपल्याला काय उपयोग? गावातल्या जुन्या विहिरीत डोकावून बघा. कडेला थर दिसतात. लाव्हाच्या थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तो झाला मांजऱ्या. मधला भाग सावकाश गार झाला, तो घट्ट काळा पाषाण. या पाषाणात पाणी मुरत नाही. ते मिळतं भेगांमध्ये, दोन थरांच्या सांध्यात आणि वरच्या झिजलेल्या मुरमात. म्हणून शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागतं आणि आपला कोरडा जातो. अजून खोल गेलं की पाणी लागेलच, असं हा खडक कबूल करत नाही. खाली भेगा बहुधा कमीच होत जातात. आणि त्या भरणार पावसानेच. आपला भाग तर पर्जन्यछायेतला.

तेव्हा कर्ज काढून आणखी शंभर फूट मारायच्या आधी विहिरीची कड बघा. पाऊस अडवायची जागा आधी शोधा. लाव्हाने पाण्याच्या जागा तेव्हाच ठरवून ठेवल्यात.

भेटू पुढच्या भागात!