कणा नसलेल्यांची गणना

आमच्या देवळांतून गाभाऱ्यासमोर दगडी कासव पुष्कळदा आढळते, आणि पूजेच्या उपकरणांत शंख असतोच. दोन्ही प्राणी कठीण कवचाचे. परंतु कासवाचा कणा त्याच्या पाठीच्या कवचाशी एकजीव झालेला असतो, तर शंख घडविणाऱ्या प्राण्याच्या अंगात एकही हाड नसते. ऐतरेय उपनिषदातील अंडज, जारुज, स्वेदज व उद्भिज्ज ही वाटणी जन्मावरून केलेली आहे. तेथे कण्याचा विचार नाही. तो विचार प्रथम ग्रीसमध्ये दिसतो. अरिस्टॉटलने (इ. स. पूर्व ३८४–३२२) प्राण्यांचे सरक्त व रक्तहीन असे भेद केले, आणि सरक्तांना कणा असतो हेही टिपून ठेवले. रेषा बहुतांशी योग्य जागी पडली, कारण मात्र चुकले. गांडुळाचे रक्तही तांबडेच असते!

स्वीडनच्या लिनीअसने १७५८ साली सहा वर्ग मांडले. त्यांपैकी चार कण्याच्या प्राण्यांचे. उरलेल्या अफाट सृष्टीच्या वाट्यास दोनच आले, कीटक आणि कृमी. कृमिवर्गात शंख, जंत, तारामासा सारेच कोंबलेले. अडगळीची खोलीच म्हणावयाची.

ही अडगळ १७९३ साली, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, पॅरिसच्या नव्या निसर्गेतिहास संग्रहालयात लामार्कच्या पदरी आली. तो नावाजलेला वनस्पतिशास्त्रज्ञ, वय पन्नाशीला आलेले. त्याने कोळी-विंचू व खेकडे-झिंगे कीटकांपासून निराळे काढले. १८०९ पर्यंत दोन वर्गांचे दहा झाले. 'कणारहित प्राणी' हे नाव त्याने १८०१ च्या ग्रंथावरच घातले. पुढे सात खंडांचा इतिहास (१८१५–१८२२) लिहीत असता त्याची दृष्टी गेली. अखेरचा मजकूर त्याच्या सांगण्यावरून मुलीने उतरून घेतला. उत्क्रांतीविषयक मतांसाठी त्याची थट्टा करणाऱ्यांनी हे काम विसरू नये, असे आम्हांस वाटते.

तथापि नावात उणीव राहिलीच. अपृष्ठवंशी म्हणजे कणा नाही एवढेच; काय आहे ते कळत नाही. जत्रेतील माणसे पालखीचे भोई आणि इतर अशी मोजावीत, तसे हे झाले. ज्ञात प्राणिजातींपैकी शेकडा ९५ हून अधिक या 'इतरां'त मोडतात.

शिवाय १८६६ साली रशियाच्या कोव्हालेव्हस्कीने एक नवल दाखविले. ॲसिडिअन नावाचा थैलीसारखा समुद्रप्राणी खडकास चिकटून असतो. त्याच्या पोहणाऱ्या पिलाच्या शेपटीत पृष्ठरज्जू, म्हणजे कण्याची पूर्वतयारी, सापडला. वाढ झाल्यावर तो नाहीसा होतो. कणा कधीच न येणारा हा प्राणी आता आपल्यासह रज्जुमान संघात गणला जातो. आणि लिनीअसने शंखाच्या शेजारी बसविलेला तारामासाही शंखापेक्षा आपल्यालाच जवळचा, हे गर्भाच्या वाढीवरून व अलीकडे जनुकांवरूनही ठरले आहे.