चौपाटीवरील विल्सन महाविद्यालय

मुंबईत गिरगावच्या चौपाटीकडून मलबार टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून, एक जुनी दगडी इमारत उभी आहे. टोकदार कमानी, उतरती छपरे आणि रस्त्याकडे रोखलेले त्रिकोणी शिखरभाग यांवरून ती कोणत्या काळातली हे जाणत्याला लगेच उमगते. हे विल्सन महाविद्यालय. जॉन ॲडम्स या वास्तुकाराने तिचा आराखडा केला. अपोलो बंदराजवळची यॉट क्लबची वास्तूही त्याच्याच हातची. इमारत पुरी झाली १८८९ साली. संस्था मात्र त्या वेळी सत्तावन्न वर्षांची झाली होती. वास्तूचा इतिहास पायाच्या दगडापासून सांगण्याची रीत आहे. या वास्तूचा इतिहास तिचा पाया घातला जाण्यापूर्वीच बराचसा घडून गेला होता.

जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट हे स्कॉटलंडहून १८२९ साली मुंबईस आले. आल्याबरोबर ते कोकणात हर्णै-बाणकोटकडे गेले, ते मराठी शिकण्यासाठी. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली त्या वारल्या. विल्सनसाहेबांनी १८३२ साली गिरगावात अंब्रोली येथे इंग्रजी शाळा सुरू केली. तीच पुढे महाविद्यालय झाली.

१८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण न्यायालयात गेले आणि शाळेतील मुले भराभर काढून घेण्यात आली. हळूहळू ती परतली. शाळेसाठी नवी प्रशस्त इमारतही उभी राहिली. आता स्थैर्य येईल असे वाटत असतानाच १८४३ साल उजाडले.

त्या वर्षीच्या मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटिश चर्चमध्ये फूट पडली. धर्मोपदेशक नेमण्याचा अधिकार मंडळीचा की जमीनदाराचा, आणि चर्चच्या कारभारात सरकारने कोठवर हात घालावा, असा तो वाद होता. सुमारे ४७० धर्मोपदेशक आपापली चर्चे आणि राहती घरे सोडून बाहेर पडले व त्यांनी स्वतंत्र चर्च स्थापन केले. मुंबईकराला या भांडणाशी काय कर्तव्य असणार! पण येथील स्कॉटिश मिशनरी स्वतंत्र चर्चच्या बाजूने उभे राहिले, आणि मालमत्ता कायद्याने जुन्या चर्चची होती. विल्सनसाहेब तेव्हा मायदेशाच्या वाटेवर होते. मागे राहिलेल्या नेस्बिट आणि मरे मिचेल यांनी ती नवी इमारत सोडली. कलकत्त्यास डफसाहेबांवरही हाच प्रसंग आला. ज्या वास्तूसाठी वर्षानुवर्षे पैसा जमवला, ती वापरात येण्याच्या सुमारास दुसऱ्याच्या स्वाधीन करणे सोपे नसते. त्यांच्या मतांविषयी कोणास काहीही वाटो, त्या मतांची किंमत त्यांनी रोख मोजली यात शंका नाही.

पण त्याच वर्षी किंमत मोजणारे दुसरेही होते, आणि त्यांत एक अजाण मुलगा होता. नारायण शेषाद्री हा शाळेतला ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. न्यायालयाने श्रीपतला आईबापांच्या हवाली केले. मुलगा घरी आला. पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेल्या मुलाला जातीत कसे घ्यावे, यावर रण माजले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, या मताचे बाळशास्त्री जांभेकर पुढे झाले आणि सनातन्यांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. शाळेचे वर्ग पुन्हा रोडावले. घर गेले आणि विद्यार्थीही गेले, अशी ती अवस्था होती.

स्वतंत्र चर्चच्या या शाळेला स्वतःची नवी वास्तू मिळण्यास पुढे दहा-बारा वर्षे लागली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले. १८६१ मध्ये संस्था त्याला जोडली गेली. आफ्रिकेचा प्रवासी लिव्हिंग्स्टन १८६४ साली मुंबईस आला, तेव्हा त्याने चुमा आणि विकटानी ही दोन आफ्रिकी मुले विल्सनसाहेबांकडेच ठेवली होती. पुढे लिव्हिंग्स्टनचा मृतदेह अंतर्भागातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत हाच चुमा होता. विल्सनसाहेब १८७५ च्या डिसेंबरात मलबार टेकडीवरील आपल्या घरी निवर्तले. नंतर संस्थेला त्यांचे नाव मिळाले, आणि प्राचार्य मॅकिकन यांच्या कारकिर्दीत ती चौपाटीवर आली.

या इमारतीत जे शिकले त्यांची नावे पाहिली म्हणजे मौज वाटते. बाळासाहेब खेर आणि मोरारजी देसाई, मुंबई राज्याचे एकामागून एक झालेले मुख्यमंत्री, येथलेच. १९४२ च्या लढ्यात गुप्त काँग्रेस रेडिओवरून बोलणाऱ्या उषा मेहता १९३९ साली येथूनच तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या होत्या. आणि पांडुरंग वामन काणे! ज्या संस्थेमुळे एका मुलाच्या प्रायश्चित्तावरून मुंबईतील शास्त्रीमंडळ दुभंगले होते, तिच्याच एका विद्यार्थ्याने धर्मशास्त्राचा पंचखंडात्मक इतिहास लिहिला. पातक, प्रायश्चित्त आणि शुद्धी हे विषय त्याच्या चौथ्या खंडात आले आहेत. तो १९५३ साली निघाला. बाळशास्त्र्यांच्या हाती तो असता, तर त्यांचे काम किती हलके झाले असते.

मुख्य इमारतीखेरीज विद्यार्थ्यांचे वसतिगृह मॅकिकन यांच्या नावाचे आहे, तर विद्यार्थिनींचे पंडिता रमाबाईंच्या. मॅकिकन हे मुळात पदार्थविज्ञानाचे अध्यापक, विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. पण मराठी बायबलच्या सुधारलेल्या भाषांतरात त्यांचा मोठा वाटा होता. रमाबाईंनी तोच ग्रंथ केडगावी, मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, आपल्या हाताने मराठीत उतरवला. तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, बाहेर पडला. एकाच्या पाठीशी समिती होती. दुसरीकडे जुळणी आणि छपाई करण्यास मुक्तिसदनातील मुली होत्या.