लहानमोठेपणाचें बीजगणित

दोन राशि समान आहेत हें दाखविणारें दोन समांतर रेघांचें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श पंडितानें १५५७ सालीं प्रथम छापलें. वास्तविक व्यवहारांत समानता क्वचितच भेटते. एक वस्तु दुसरीहून लहान अथवा मोठी असणें हीच नित्याची गोष्ट. तरीही लहानमोठेपणाच्या चिन्हाला आणखी चौऱ्याहत्तर वर्षें वाट पाहावी लागली. १६३१ सालीं लंडन येथें टॉमस हॅरियट याचा बीजगणितावरील लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि शाळेच्या फळ्यावर आज दिसणारीं < व > हीं चिन्हें त्यांत प्रथम छापलीं गेलीं. चिन्ह नव्हतें म्हणून विचारही नव्हता, असें मात्र नव्हे. वर्तुळाचा परीघ व्यासाच्या ३ १/७ पटीहून लहान व ३ १०/७१ पटीहून मोठा असतो, हें आर्किमिडीजनें सिद्ध केलें तें असल्या चिन्हांवांचूनच.

ग्रंथ छापला गेला तेव्हां ग्रंथकार हयात नव्हता. हॅरियट १६२१ सालींच वारला होता. सर वॉल्टर रॅले यानें धाडलेल्या सफरीबरोबर १५८५ सालीं अमेरिकेच्या किनाऱ्यावर जाऊन आलेला, १६०९ च्या जुलैंत दुर्बिणींतून चंद्र पाहून त्याचें चित्र काढणारा हा पुरुष प्रसिद्धीविषयीं विलक्षण उदासीन होता. त्याच्या हयातींत छापलें गेलें तें अमेरिकेंतील त्या प्रदेशाचें एक लहानसें वर्णन, तेवढेंच. गणिताचे कागद मागें राहिले. त्यांतून वॉल्टर वॉर्नर यानें ग्रंथ सिद्ध केला. पण हॅरियटनें आपल्या टिपणांत समीकरणांचीं जीं ऋण उत्तरें निःशंकपणें मांडलीं होतीं, तीं छापील ग्रंथांत आलींच नाहींत. लहानमोठेपणाचें चिन्ह जगापुढें आलें तें असें, ऋण संख्यांना दाराबाहेर ठेवून. या वियोगाचे परिणाम विद्यार्थी अजून भोगतात.

एक साधें उदाहरण घ्यावें. सहाला क्ष नें भागलें असतां भागाकार दोहोंहून लहान येतो. तर क्ष किती? विद्यार्थी दोन्ही बाजूंना क्ष नें गुणतो, ६ < २क्ष असें लिहितो, आणि क्ष > ३ हें उत्तर देऊन मोकळा होतो. पण क्ष च्या जागीं उणे एक घालून पाहावा. भागाकार उणे सहा येतो, आणि तो दोहोंहून लहान आहेच! म्हणजे खऱ्या उत्तराचा एक सबंध भाग हरवला. कारण उघड आहे. गांठीं पांच रुपये असलेला तीन रुपयेवाल्याहून संपन्न; परंतु पांच रुपयांचें ऋण असलेला तीन रुपयांच्या ऋणकोहून दरिद्री. ऋण संख्येनें गुणतांच चिन्हाचें तोंड फिरतें, आणि क्ष धन कीं ऋण हें तर आधीं ठाऊकच नाहीं.

धन आणि ऋण यांच्या गुणाकाराचे नियम ब्रह्मगुप्तानें ६२८ सालींच दिले होते. युरोपांतील थोर मंडळी मात्र हजार वर्षांनंतरही येथें अडखळत होती. आंत्वान आर्नो यानें १६६७ सालीं विचारलें कीं, एकाचें उणे एकाशीं जें गुणोत्तर तेंच उणे एकाचें एकाशीं; मग मोठ्याचें लहानाशीं व लहानाचें मोठ्याशीं असणारें नातें एकच कसें? जॉन वॉलिसनें तर १६५६ सालीं असा तर्क केला होता कीं, भाजक लहान होत जातो तसा भागाकार वाढतो. तेव्हां भाजक शून्याहूनही लहान झाला तर भागाकार अनंताहून मोठा व्हावा. तर्क चुकीचा खरा, पण मूर्खाचा नव्हे. विद्यार्थ्याचें हरवलेलें उत्तर ज्या ठिकाणीं असतें, नेमक्या त्याच ठिकाणीं वॉलिसचें पाऊल घसरलें.

पुढें याच वॉलिसनें १६८५ च्या आपल्या बीजगणितांत सरळ रेषेवर चालणारा मनुष्य कल्पिला. पांच यार्ड पुढें गेला, आठ मागें आला, म्हणजे आरंभस्थानाच्या मागें तीन यार्ड. या रेषेनें बरेंचसें काम सोपें केलें. वरील उदाहरणांत ती ० आणि ३ या बिंदूंपाशीं तोडावी व प्रत्येक तुकड्यांतील एकेक संख्या घालून पाहावी: उणे एक चालतो, एक चालत नाहीं, चार चालतो. म्हणून क्ष शून्याहून लहान तरी हवा, नाहीं तर तिहींहून मोठा. दुसरी रीत प्रकरणांची: क्ष धन मानून एकदां, ऋण मानून पुन्हा. ती निर्दोष आहे, पण कंटाळवाणी. तिसरी अधिक चतुर. क्ष नें न गुणतां क्ष च्या वर्गानें गुणावें. शून्येतर संख्येचा वर्ग नेहमीं धनच असल्यामुळें चिन्ह फिरण्याची भीति नाहीं. मग ६क्ष < २क्ष², म्हणजेच क्ष(क्ष − ३) > ०, आणि दोन्ही अवयव एकाच जातीचे, दोन्ही धन किंवा दोन्ही ऋण, असले पाहिजेत. उत्तर पुन्हा तेंच. देकार्तच्या १६३७ च्या भूमितीनंतर आलेखाची वाटही खुली झाली; तींत वक्राचा कोणता भाग दोहोंच्या आडव्या रेषेखालीं पडतो एवढेंच पाहावयाचें.

हॅरियटचे हस्तलिखित कागद पुढें दीडशें वर्षें बहुतेकांच्या विस्मृतींतच राहिले. १७८४ सालीं फ्रान्झ फॉन झाक या ज्योतिषशास्त्रज्ञाला ते ससेक्स परगण्यांतील पेटवर्थ येथील वाड्यांत सांपडले. वॉर्नरनें गाळलेलीं ऋण उत्तरें त्यांत जशींच्या तशीं होतीं.