सीटबेल्ट, जुन्या स्पोर्ट्‌स मोटारींतील

मूळ बांधणीत सीटबेल्ट नसलेल्या किंवा ते केवळ ऐच्छिक असलेल्या, मुख्यतः १९५० व १९६० च्या दशकांतील स्पोर्ट्‌स मोटारींमध्ये चालक व सहप्रवासी यांना आसनाशी धरून ठेवणारे पट्टे मागाहून बसविण्याचे काम. एमजीए, एमजीबी, ट्रायम्फ टीआर, जॅग्वार ई-टाइप, लोटस एलान यांसारख्या ब्रिटिश गाड्या आजही रस्त्यावर धावतात, आणि त्यांपैकी अनेकींत सुकाणूचा दांडा धडकेत दुमडत नाही, तर सरळ चालकाच्या छातीकडे येतो. त्यामुळे पट्ट्याची गरज नव्या गाडीपेक्षा येथे अधिक आहे. पट्टा दुकानात मिळतो, पण तो ज्या पत्र्याला अडकवायचा तो पन्नास-साठ वर्षांचा असतो, आणि या कामातील बहुतेक चुका तेथेच होतात.

मांड्यांवरून आडवा व खांद्यावरून तिरका जाणारा तीनबिंदू पट्टा व्हॉल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोहलिन याने सिद्ध केला व १९५९ मध्ये तो त्या कंपनीच्या मोटारींत आला. बोहलिनने त्याआधी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केले होते. व्हॉल्वोने हे पेटंट इतर उत्पादकांना खुले केले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या मोटारींत सर्व आसनांना पट्टे सक्तीचे झाले, तर ब्रिटनमध्ये पुढे बसणाऱ्यांनी ते लावण्याची सक्ती ३१ जानेवारी १९८३ रोजी आली. मात्र १९६५ पूर्वी वापरात आलेल्या गाड्यांत ते मागाहून बसविण्याचे बंधन ब्रिटिश कायद्याने घातले नाही. साहजिकच अशा गाडीत पट्टा बसविणे हा मालकाचा स्वतःचा निर्णय ठरतो.

या पट्ट्यावर येणाऱ्या ताणाची कल्पना साध्या गणिताने येते. ताशी ५० किमी वेगाची गाडी धडकेत चेपत जाऊन ६० सेंमी अंतरात थांबली, तर ७० किलो वजनाच्या माणसाला रोखण्यासाठी सरासरी सुमारे ११,००० न्यूटन, म्हणजे साडेअकराशे किलो वजनाइतके बल लागते, आणि प्रत्यक्षातला क्षणिक ताण याहून मोठा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या चौदाव्या नियमानुसार अडकवणीच्या बिंदूंची चाचणी घेताना तीनबिंदू पट्ट्याच्या खांद्याच्या व मांडीच्या अशा दोन्ही भागांवर प्रत्येकी १३,५०० न्यूटन ताण देतात.

एवढे बल कोठे उतरवायचे, हे गाडीच्या रचनेवर ठरते. १९५५ ते १९६२ या काळात बनलेल्या एमजीएची तळजमीन प्लायवुडच्या फळ्यांची असून ती पोलादी चॅसिसवर स्क्रूने बसविलेली असते. त्या फळीत बोल्ट घातला, तर धडकेत फळीच फाटून पट्ट्यासह वर येईल, म्हणून खालचे दोन्ही बिंदू चॅसिसच्या पोलादापर्यंत न्यावे लागतात. लोटस एलानची बॉडी फायबरग्लासची, तर मॉर्गनच्या बॉडीचा सांगाडा अ‍ॅश लाकडाचा असल्याने तेथेही हाच विचार लागू पडतो. १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीला वेगळी चॅसिस नाही. पत्र्याच्या पेट्या एकमेकींना जोडूनच तिचा सांगाडा उभा राहतो, आणि दाराखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, हा त्याचा कणा असतो. हीच पेटी आतून गंजते. वरून रंग चकचकीत, त्याखाली लांबी भरलेली आणि त्याहून आत पापुद्रे सुटलेला पत्रा, अशी तिची स्थिती अनेकदा असते. म्हणून भोक पाडण्यापूर्वी आतला गालिचा उचलून पत्रा खरवडून पाहावा, पेचकसाचे टोक दाबून तो दबतो का हे तपासावे, आणि दबला तर आधी तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा. या पायरीला फाटा देऊन बसविलेला पट्टा केवळ दिखाऊ असतो.

अडकवणीसाठी ७/१६ इंच व्यासाचा, इंचाला २० आटे असलेला उच्च ताणक्षमतेचा बोल्ट सर्वत्र वापरला जातो. पत्र्याच्या मागे निदान ३ मिमी जाडीची, तळहाताएवढी पोलादी पट्टी लावतात, म्हणजे ताण भोकाच्या कडेवर न साचता मोठ्या भागावर पसरतो. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या स्पर्धानियमांत तिचे क्षेत्रफळ किमान ४० चौ. सेंमी सांगितले आहे. पट्टीचे कोपरे गोल घासावेत, नाहीतर तेच पत्रा चिरतात. पट्ट्याचे पोलादी टोक बोल्टभोवती मोकळे फिरून ताणाच्या दिशेला वळायला हवे. ते आवळून टाकल्यास बोल्ट व टोक दोन्ही वाकतात. दोन आसनांच्या मधल्या पत्र्याच्या बोगद्यात बोल्ट घालताना त्याचे टोक फिरणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला किंवा हँडब्रेकच्या केबलला घासणार नाही, एवढेच आखूड ठेवावे.

मांडीवरचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसावा लागतो. उघड्या गाडीला दाराच्या मागे खांब नसल्याने खांद्याचा बिंदू मागच्या चाकाच्या कमानीवर, म्हणजे खांद्याच्या बऱ्याच खाली येतो, आणि धडकेत पट्टा खांद्याला खाली ओढून पाठीचा कणा दाबतो. ही उणीव पूर्णपणे दूर होत नाही, फक्त बिंदू शक्य तितका वर घेऊन कमी करता येते. झटका बसताच आपोआप अडकणारे रीळ वापरायचे, तर उत्पादकाने सांगितलेल्या कोनातच ते बसवावे, कारण आतली गोळी किंवा लोलक गुरुत्वाकर्षणावर चालतो व कोन चुकल्यास रीळ उगाच अडकते किंवा वेळेवर अडकत नाही.

शर्यतीसाठी वापरला जाणारा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांद्यांवरून येणारा चार ते सहा बिंदूंचा पट्टा, रस्त्यावरच्या उघड्या गाडीत सहसा टाळावा. चारबिंदू हार्नेसमध्ये खांद्याचे पट्टे ताणले की बकल वर सरकते, मांडीचा पट्टा पोटावर चढतो आणि शरीर त्याखालून पुढे घसरते. पाचवा किंवा सहावा पट्टा मांड्यांमधून जातो तो हे रोखण्यासाठी. शिवाय हार्नेसने धड ताठ बांधलेले राहते, त्यामुळे गाडी उलटल्यास डोके खाली घेता येत नाही, आणि वर भक्कम रोलबार नसेल तर सारा भार डोक्यावर व मानेवर येतो. खांद्याचे पट्टे मागे जवळजवळ आडवे न्यावेत. जमिनीकडे ४५ अंशांहून अधिक उतार स्पर्धानियमांत वर्ज्य आहे.

त्या काळचा मूळ पट्टा सापडला, तरी उन्हाने त्याचे धागे कमकुवत झालेले असतात. गाडीचे जुने रूप जपू पाहणारे मालक अशा वेळी मूळ बकल तपासून घेऊन त्याला त्याच रंगाची नवी पट्टी व्यावसायिक कारागिराकडून शिवून घेतात.